शॅम्पूनंतर केस हाताला कसे लागतात आणि का: बाटली निवडण्यापासून केस वाळेपर्यंत

नुकताच धुतलेला ओला केस चिमटीतून ओढला की कधी कधी करकर वाजतो. पुष्कळ जण त्याला स्वच्छतेची पावती समजतात. तो आवाज घर्षणाचा असतो. केसावर वंगण म्हणून काहीच उरलेलं नाही, एवढंच तो सांगतो. टाळूवरचा मळ आणि तेल निघायला इतकं घासावं लागत नाही.

शॅम्पू एकाच वेळी दोन कामं करतो. काही काढतो आणि काही मागे ठेवतो. स्वच्छता पहिल्या कामावर ठरते, तर केसांवरून हात फिरवल्यावर जे जाणवतं ते बहुतांश दुसऱ्यावर. ही दोन कामं वेगळी ओळखता आली की बाटलीवरच्या जाहिरातीपेक्षा स्वतःच्या बोटांवर जास्त विसंबता येतं.

बोटांना काय जाणवतं

माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. त्याच्या गाभ्याभोवती चपट्या खवल्यांचे सहा ते दहा थर कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. एकेक खवला जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाडीचा. खवल्यांची मोकळी कड टोकाकडे असते, त्यामुळे बोटं मुळाकडून टोकाकडे सहज घसरतात आणि उलट फिरवली की अडखळतात. हे निरोगी केसातही होतं. चिंतेची गोष्ट तेव्हा, जेव्हा सुलट दिशेनेही केस अडखळू लागतो.

सगळ्यात बाहेरच्या खवल्यांवर एका मेदाम्लाचा अतिशय पातळ थर असतो. रसायनशास्त्रात त्याचं नाव १८-मिथाइल आयकोसॅनोइक आम्ल, थोडक्यात १८-एमईए. हा थर वरून लावलेल्या तेलासारखा नसतो. तो खवल्याच्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडलेला असतो, म्हणून साध्या शॅम्पूने एकदम धुऊन जात नाही. त्याची वाट लागते ती ब्लीच, कायमचा रंग, केस सरळ करण्याची अल्कलीयुक्त रसायनं, ऊन आणि वर्षानुवर्षांची घासाघीस यांनी. एकदा गेला की केस तो पुन्हा तयार करू शकत नाही, कारण टाळूबाहेरचा केस निर्जीव असतो. महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढ धरली तर ३० सेंटिमीटर लांब केसाचं टोक अडीच वर्षं जुनं असतं. मुळं आणि टोकं एकाच केसाची असली तरी त्यांना एकच उपचार का चालत नाही, हे इथेच कळतं.

हा थर गेला की दोन गोष्टी होतात. पाणी दूर सारणारा केस पाणी शोषू लागतो आणि त्याच्या पृष्ठभागावरचा ऋण विद्युतभार वाढतो. पीएच म्हणजे आम्लपणा मोजायचं माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली. केसाचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला त्यावर एकूण भार शून्य असतो तो, ३.७ च्या आसपास आहे. पाण्याचा पीएच त्याच्या वर गेला की केस ऋणभारित होतो. बहुतेक शॅम्पूंचा पीएच ५ ते ७ असतो, अंगाच्या साबणाचा ९ ते १०. साबणाने धुतलेले केस राठ लागतात त्यामागे हे एक कारण आहे: भार वाढतो, केस जास्त फुगतो, खवल्यांच्या कडा उचलल्या जातात. दुसरं कारण पाण्यातल्या क्षारांचं, ते पुढे येईल.

ओला आणि कोरडा केस ही जवळजवळ दोन वेगळी द्रव्यं समजावीत. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो. त्याची जाडी १५ टक्क्यांच्या आसपास वाढते, लांबी मात्र एक-दोन टक्केच. ओल्या केसात घर्षण जास्त असतं आणि तो जास्त ताणला जातो. त्यामुळे न्हाणीघरात केस कसे लागले यावरून शॅम्पूला गुण देऊ नयेत, किंवा द्यायचेच तर वाळल्यावर पुन्हा द्यावेत.

आता जाडीबद्दल. केसाचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास निम्मा झाला की ताठपणा सोळा पटींनी कमी होतो. शिवाय बारीक केसांच्या एक ग्रॅम झुपक्याचा पृष्ठभाग दुप्पट जाड केसांच्या एक ग्रॅम झुपक्यापेक्षा दुप्पट असतो, म्हणजे लेप बसायला जागा जास्त आणि तो पेलायला ताकद कमी. म्हणूनच एकीला ‘रेशमी’ करणारा शॅम्पू दुसरीच्या डोक्यावर केस चापून बसवतो. दोघींची तक्रार आणि कौतुक दोन्ही खरं असतं.

बाटलीत काय असतं

शॅम्पूत सर्वात जास्त पाणीच असतं. स्वच्छ करणारा घटक, म्हणजे सर्फॅक्टंट, साधारण १० ते १५ टक्के. सोडियम लॉरेथ सल्फेट हा त्यातला नेहमीचा मुख्य घटक आणि त्याला सौम्य करायला जोडीला कोकामिडोप्रोपिल बीटेन. सर्फॅक्टंटच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. पुरेसे रेणू जमले की त्यांचे काही नॅनोमीटर आकाराचे गोळे बनतात. केसावर पसरलेलं तेल थेंबाच्या रूपात गोळा होऊन सुटतं आणि पाण्यासोबत वाहून जातं.

फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. फेसामुळे शॅम्पू केसांत पसरायला आणि बोटं फिरायला मदत होते. टाळूवरचं तेल फेस मारतं, म्हणून पहिल्यांदा शॅम्पू लावताना फेस कमी आणि दुसऱ्यांदा भरपूर येतो. दाटपणाचंही तसंच. कित्येक शॅम्पूंना दाटपणा येतो तो साध्या मिठाने. थोडं मीठ पडलं की सर्फॅक्टंटचे गोळे लांबट दोऱ्यांसारखे होऊन एकमेकांत गुंततात. (मीठ प्रमाणाबाहेर गेलं की तेच द्रावण पुन्हा पातळ होतं.) दाट शॅम्पू जास्त ‘कसदार’ असतो, हा समज दुकानात उपयोगी पडतो, डोक्यावर नाही.

फक्त सर्फॅक्टंट वापरला तर केस स्वच्छ होतात आणि हाताला वाईट लागतात. १९३४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने अमेरिकेत ‘ड्रीन’ हा साबणाऐवजी कृत्रिम डिटर्जंटवर आधारलेला शॅम्पू आणला. साबणाचा चिकट थर बसण्याचा प्रश्न त्याने सोडवला, पण केसांवरचं तेल इतकं चोख निघू लागलं की ते कोरडे पडत. तिथून पुढे ‘काढायचं किती’ याच्याइतकाच ‘ठेवायचं काय’ हा प्रश्न शॅम्पू बनवणाऱ्यांपुढे राहिला.

त्याचं आजचं उत्तर मोठं चलाख आहे. शॅम्पूत अर्धा टक्क्यापेक्षाही कमी प्रमाणात धनभारित पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू, घालतात. लेबलवर पॉलिक्वाटर्नियम-१० किंवा ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड अशी नावं दिसतात. बाटलीतल्या दाट द्रावणात हा पॉलिमर ऋणभारित सर्फॅक्टंटसोबत विरघळलेला राहतो. तुम्ही पाणी ओतू लागता, द्रावण पातळ होतं, आणि एका टप्प्यावर दोघांची जोडी विरघळेनाशी होऊन मऊ साक्यासारखी केसांवर बसते. तिला कोअॅसर्व्हेट म्हणतात. सोबत डायमेथिकोनसारख्या सिलिकोनचे थेंबही ती केसावर नेऊन ठेवते. थोडक्यात, मऊपणा देणारा लेप फेस करताना बसत नाही, फेस धुताना बसतो. खंगाळणं घाईत उरकलं तर सर्फॅक्टंटही मागे राहतो आणि हा लेपही नीट बसत नाही.

कंडिशनर वेगळ्या वाटेने जातो. त्यात बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइडसारखे धनभारित सर्फॅक्टंट आणि सिटिअरिल अल्कोहोलसारखे मेणचट अल्कोहोल असतात. (हे अल्कोहोल केस कोरडे करणारं नाही, नाव तेवढं सारखं.) पीएच साधारण ३.५ ते ४.५. ऋण भार जिथे जास्त, म्हणजे खराब झालेल्या टोकांवर, तिथे तो आपोआप जास्त बसतो.

‘सल्फेट-फ्री’ या शब्दाबद्दल एवढंच सांगता येईल की तो बाटलीत काय नाही ते सांगतो. सल्फेटच्या जागी कधी ओलेफिन सल्फोनेट असतं आणि तेही तेल जोरात काढतं. उलट, चांगला पॉलिमर आणि बीटेन असलेला लॉरेथ सल्फेटचा शॅम्पू केसांवर बराच मवाळ ठरू शकतो.

विकत घेण्याआधी

पाणी तपासा. पारदर्शक बाटली एक तृतीयांश भरा, त्यात खऱ्या साबणाचा किस चिमूटभर टाका आणि दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा. वर फेस आणि खाली स्वच्छ पाणी राहिलं तर पाणी मऊ. फेस नाममात्र आणि पाणी दुधाळ झालं तर जड, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन. ही चाचणी शॅम्पूने किंवा भांड्यांच्या लिक्विडने करू नका. ते जड पाण्यातही फेसाळतात. तपासणीचा अहवाल मिळत असेल तर कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला १२० मिलिग्रॅमच्या वरचं पाणी जड आणि १८० च्या वरचं खूप जड धरतात. कॅल्शियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारी साय बनवतं. शॅम्पूशी तितकी बनवत नाही, पण धनभारित कॅल्शियम ऋणभारित केसावर स्वतःच जाऊन बसतं, आणि ब्लीच केलेल्या केसावर जास्तच.

केस तपासा. एकच केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. जेमतेम जाणवला तर बारीक, शिवणाच्या दोऱ्यासारखा स्पष्ट लागला तर जाड. मग कोरड्या, धुतलेल्या टोकांच्या झुपक्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब बराच वेळ गोल टिकला तर वरचा थर बऱ्यापैकी शाबूत आहे. लगेच पसरून मुरला तर झिजलेला आहे. आदल्या दिवशी तेल किंवा सिरम लावलं असेल तर या थेंबाला अर्थ नाही. ग्लासभर पाण्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो हे पाहण्याची टूम मात्र सोडून द्यावी. केसावरचं तेल आणि पाण्याचा पृष्ठताण यांवरच तिचा निकाल ठरतो.

लेबलवर घटक उतरत्या प्रमाणात लिहिलेले असतात, पण एक टक्क्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा असते. अगदी शेवटी सुगंधाच्या आसपास येणाऱ्या वनस्पतींच्या अर्कांवर म्हणून भिस्त ठेवू नये. बारीक केसांना ग्वार किंवा पॉलिक्वाटर्नियम असलेला, सिलिकोन नसलेला शॅम्पू बहुधा बरा. जाड, कुरळ्या किंवा रंगवलेल्या केसांना डायमेथिकोन फायद्याचं. पाणी जड असेल तर ईडीटीए हा शब्द शोधा. तो कॅल्शियमला पकडून ठेवतो.

धुण्याची पद्धत

१. कोरड्या केसांतला गुंता आधी सोडवा. भिजल्यावर तोच गुंता घट्ट बसतो.

२. टोकं झिजलेली असतील तर धुण्याआधी काही तास दोन-तीन मिलिलिटर खोबरेल तेल फक्त लांबीला लावा. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूंचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं, पाण्याने होणारं फुगणं आणि प्रथिनांची गळती कमी करतं. खनिज तेल बाहेरच राहतं. ते घसरण देतं, पण हे काम करत नाही.

३. कोमट, साधारण ३५ ते ३८ अंशांच्या पाण्याने पूर्ण एक मिनिट भिजवा. दाट केसांत पाणी आतपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. अर्धवट भिजलेल्या केसांत शॅम्पू एकाच जागी चिकटून राहतो.

४. आखूड केसांना ३ ते ५ मिलिलिटर, खांद्यापर्यंतच्या केसांना ६ ते ८, त्याहून लांब केसांना १० च्या आसपास शॅम्पू पुरे. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा. तळहातावर थोड्या पाण्यात फेटून टाळूवर चार-पाच ठिकाणी लावा. मगभर पाण्यात कालवून ओतायची सवय असेल तर लक्षात ठेवा, पातळ होताच तो लेप मगातच सुटू लागतो. आणि पातळ केलेला शॅम्पू साठवून तर मुळीच ठेवू नये. त्यातलं परिरक्षकही पातळ झालेलं असतं आणि जंतू वाढतात.

५. बोटांच्या पेरांनी एक मिनिट टाळू चोळा, नखं नकोत. लांबी घासू नका, फेस खाली ओघळतो तेवढा तिला पुरतो. केस डोक्यावर गोळा करून चोळले की उचललेले खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता तयार होतो.

६. किमान दीड मिनिट खंगाळा. मानेच्या मागे आणि कानांच्या वर फेस हमखास उरतो.

७. दुसऱ्यांदा शॅम्पू टाळू तेलकट असेल किंवा तेल लावलं असेल तरच, आणि निम्म्या प्रमाणात.

८. कंडिशनरआधी केस हाताने पिळून पाणी काढा, नाहीतर तो पाण्यासोबतच ओघळतो. ५ ते १० मिलिलिटर, कानांच्या खाली, टोकांपासून वर. दोन मिनिटं पुरेत. जे बसायचं ते बव्हंशी सुरुवातीच्या मिनिटांतच बसतं. अर्धा तास ठेवून त्या प्रमाणात जास्त मिळत नाही. खंगाळल्यावर केस गुळगुळीत लागावेत, बुळबुळीत नाही.

९. टॉवेलने टिपा, रगडू नका. मोठ्या दातांचा कंगवा टोकांपासून सुरू करून वर वर न्या. ड्रायर १५ सेंटिमीटर दूर आणि हलता ठेवा.

बिघाड ओळखणं

*ओले असताना छान, वाळल्यावर चिपचिपीत आणि चापून बसलेले.* लेप जास्त झाला आहे. केस बारीक असतील तर बहुधा सिलिकोनचा शॅम्पू आणि मुळांपर्यंत पोचलेला कंडिशनर. आधी कंडिशनर निम्मा करा आणि कानांच्या वर नेऊ नका. दोन धुण्यांत फरक पडला नाही तरच शॅम्पू बदला.

*पहिल्या महिन्यात उत्तम, मग जड आणि निस्तेज.* यावर ‘केसांना शॅम्पूची सवय झाली’ असं म्हणतात. निर्जीव केसाला सवय कसली लागणार? प्रत्येक वेळी बसणारा लेप पुरता निघत नाही आणि थर साचतो. पॉलिमर नसलेल्या, जोरकस साफ करणाऱ्या क्लॅरिफाइंग शॅम्पूने दोन ते चार आठवड्यांतून एकदा धुवा आणि त्या दिवशी कंडिशनर चुकवू नका. रंग नुकताच लावला असेल तर थांबा; तो लवकर फिका पडेल.

*ओले असतानाच रबरासारखे, कंगवा शिरत नाही.* ब्लीच किंवा रसायनाने वरचा थर गेला आहे. यावर शॅम्पू हा इलाज नाही. कंडिशनर प्रत्येक धुण्याला हवा आणि सर्वांत खराब टोकं कापणं हा सरळ मार्ग.

*वाळल्यावर राठ, मेणचट पण तेलकट नाही, चमक गेलेली.* बहुधा जड पाणी. ईडीटीएचा शॅम्पू वापरा आणि शेवटच्या पाण्यात आम्ल घाला: एक लिटरमध्ये ५ टक्के तीव्रतेचा व्हिनेगर १० ते १५ मिलिलिटर. मऊ पाण्यात याने पीएच साधारण ३.४ येतो, जड पाण्यात त्याहून वर. पीएच दाखवणाऱ्या कागदी पट्टीने पाहून ३.५ ते ४.५ च्या दरम्यान आणा. डोळे मिटून ओता, अर्ध्या मिनिटाने साध्या पाण्याने धुवा. टाळूवर जखम किंवा ओरखडे असतील तर हा प्रयोग नको.

*हवा कोरडी झाली की केस उडतात, कंगव्याला चिकटतात.* स्थिर विद्युत. कोरडा केस वीज वाहून नेत नाही आणि घर्षणाने भार साचतो. कंडिशनरमधले धनभारित रेणू घर्षण कमी करतात आणि भार निसटून जाऊ देतात, म्हणून वरचा थर शाबूत असला तरी त्या दिवसांत थोडा कंडिशनर वापरावा.

*मुळं दुसऱ्याच दिवशी तेलकट, टोकं काड्यांसारखी.* इथे लोक एकच बाटली शोधत बसतात आणि ती सापडत नाही. टाळूसाठी साधा साफ करणारा शॅम्पू, टोकांसाठी वेगळा कंडिशनर, दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

टाळू लाल होत असेल, खपल्या धरत असेल किंवा केस झुपक्यांनी गळत असतील तर तो स्पर्शाचा प्रश्न नाही. बाटल्या बदलण्यात वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

अर्ध्या डोक्याची चाचणी

दोन शॅम्पूंतला फरक आठवणीवर ठरवता येत नाही. हवा, पाणी, झोप, सगळं बदललेलं असतं आणि सुगंध तर मत हमखास फिरवतो. म्हणून मधोमध भांग पाडा. डावीकडे जुना, उजवीकडे नवा शॅम्पू, चमच्याने मोजून सारखाच. आधी एका बाजूला शॅम्पू लावून ती धुऊन घ्या, मग दुसरी. फेस भांग ओलांडता कामा नये. कंडिशनर दोन्हीकडे एकच, किंवा कुठेच नाही.

प्रत्येक बाजूला चार वेळा पाचपैकी गुण द्या: फेस करताना, खंगाळताना, ओल्या केसांत कंगवा घालताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या केसांवर. जमल्यास शेवटचे गुण घरातल्या दुसऱ्या कुणाला, कोणती बाजू कुठली ते न सांगता, द्यायला लावा. असं सलग चार धुणी करा; साचणारा लेप पहिल्या धुण्यात दिसतच नाही. पहिले दोन गुण भरघोस आणि चौथा कमी मिळवणारे शॅम्पू बरेच भेटतील. दिवसभर केसांवर हात फिरतो तो चौथ्या गुणावर, तेव्हा बरोबरी झाली तर निकाल त्यावरच द्या.